ट्रॅक्टरला कोणती ट्रॉली जोडावी? पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी

सोयाबीनचे पैसे हातात आले की दसऱ्या-दिवाळीच्या मुहूर्तावर गावात दोन-तीन नवे ट्रॅक्टर येतात. हार-फुलं होतात, पेढे वाटले जातात, आणि चार दिवसांनी नवा मालक ट्रॉली बनवणाऱ्याच्या शेडमध्ये उभा असतो. तिथे त्याचा एकच प्रश्न असतो: “पंचेचाळीस एचपीचा आहे, किती टनाची ट्रॉली ओढेल?” शेडवाला तयार असलेली ट्रॉली दाखवतो, भाव ठरतो, रंग ठरतो, मागच्या फाळक्यावर कोणाचं नाव लिहायचं तेही ठरतं. रिकाम्या ट्रॉलीचं वजन किती, हुकावर किती भार येणार, तिला ब्रेक आहेत की नाहीत, हे कुणी विचारत नाही.

माझे मामा कित्येक वर्षं हिंगणघाटच्या बाजारात कापूस नेत. मी पहिली ट्रॉली घ्यायला निघालो तेव्हा ते एवढंच म्हणाले, “ट्रॅक्टर वढते काय हे नोको पाहू. थांबवते काय ते पाह्य.” तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही. दुसऱ्या वर्षी लागला, ते पुढे येईलच. हा लेख त्या एका वाक्याचा हिशेब आहे. ट्रॉली घेण्याआधी एक वही आणि एक दिवस एवढंच लागतं.

पहिली पायरी: माल आणि वाट लिहून काढा

ट्रॉली फुटांत मोजून घेतली जाते आणि टनांत वापरली जाते. सगळी फसगत इथूनच सुरू होते. समजा, ट्रॉलीचा डबा ११ फूट लांब, ६ फूट रुंद आणि २ फूट उंच आहे. म्हणजे १३२ घनफूट जागा. त्यात काठोकाठ सोयाबीन भरलं तर साधारण पावणेतीन टन बसतं. गहू भरला तर तीन टनांच्या आतबाहेर. अर्धवट वाळलेलं शेणखत दोन-सव्वादोन टन. आणि त्याच डब्यात ओली रेती काठापर्यंत भरली तर साडेसहा टनांच्या वर जाते. डबा तोच, टायर तेच, ट्रॅक्टर तोच. म्हणून “ट्रॉली भरली” या शब्दाला काही अर्थ नाही. कशाने भरली ते सांगा.

आपल्याकडे रेती, मुरूम, गिट्टी ब्रासमध्ये मोजतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. एक ब्रास कोरडी रेती साधारण साडेचार टन, ओली त्याहून जास्त. हजार विटा म्हणजे साधारण तीन टन. उन्हाळ्यात पाण्याचा टँकर ओढायचा असेल तर हिशेब सगळ्यांत सोपा: हजार लिटर म्हणजे एक टन. पण अर्धा भरलेला टँकर पूर्ण भरलेल्यापेक्षा जास्त त्रास देतो, कारण ब्रेक मारला की आतलं पाणी पुढे धावतं आणि वळणावर बाजूला लोटतं. टँकर घ्यायचा तर आत आडव्या पट्ट्या आहेत का, हे झाकण उघडून पाहा.

कापसाचं उलट आहे. सहा फूट उंच जाळी बांधून, तुडवून भरला तरी एका ट्रॉलीत पंधरा-वीस क्विंटल जातो. वजनाला हलका, पण उंचीला धोक्याचा. वाऱ्यात डोलतो आणि रस्त्यावरच्या लोंबत्या तारेला लागतो. जिनिंगच्या (सरकी काढणाऱ्या गिरणीच्या) रांगेत उभं राहणारा माणूस आणि घरच्या बांधकामाला रेती आणणारा माणूस या दोघांना एकच ट्रॉली सारखी साजेशी असेल, असं नाही.

आता वाट. शेतापासून बाजारापर्यंत कुठून जाता ते लिहा: वावरातून धुऱ्यापर्यंत (बांधापर्यंत), धुऱ्यावरून पांदण, पांदणीतून नाला, मग मुरूमाचा रस्ता, रपटा (नाल्यावरचा ठेंगणा पूल), डांबरी. यातली सर्वांत वाईट शंभर पावलं कोणती, त्यावर खूण करा. बुलडाण्याकडे राजूर घाट असेल, परतवाड्याहून वर मेळघाटात जाणारा चढ असेल, भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांधीतला चिखल असेल, आमच्या वर्धा जिल्ह्यात बहुतेक वेळा नाल्याची उतरण असते. ट्रॉली त्या शंभर पावलांसाठी निवडायची. उरलेल्या रस्त्यावर कोणतीही चालते.

दुसरी पायरी: वजनकाट्यावर जा

चार आकडे पाहिजेत: ट्रॅक्टरचं वजन, त्यातलं मागच्या चाकांवरचं वजन, रिकाम्या ट्रॉलीचं वजन, आणि भरलेल्या ट्रॉलीचा हुकावर येणारा भार. माहितीपुस्तिकेत पहिला मिळतो, बाकीचे काट्यावरच मिळतात.

ज्या जिनिंगवर किंवा धर्मकाट्यावर ओळख आहे तिथे दुपारच्या निवांत वेळी जा. आधी नुसता ट्रॅक्टर, डिझेल भरून, चालकासकट, पूर्ण काट्यावर घ्या. मग पुढची चाकं काट्याबाहेर काढून फक्त मागची चाकं ठेवा. चाळीस ते पन्नास एचपीचे आपल्याकडचे बहुतेक दोन चाकी ओढीचे ट्रॅक्टर पावणेदोन ते सव्वादोन टनांचे असतात आणि त्यातलं साधारण साठ-पासष्ट टक्के वजन मागच्या चाकांवर असतं.

ट्रॉली अजून घ्यायची असेल तर शेजाऱ्याची तशीच ट्रॉली न्या. लाज वाटू देऊ नका. दोन-तीन लाखांची वस्तू घेताना शे-दोनशे रुपयांचा काटा महाग नाही. भरलेली ट्रॉली जोडून असा उभा राहा की ट्रॅक्टरची चारही चाकं काट्यावर आणि ट्रॉलीची चाकं बाहेर. जो आकडा येईल त्यातून नुसत्या ट्रॅक्टरचं वजन वजा करा. उरलं ते हुकावरचं वजन. हा आकडा कागदावर कुठेच नसतो आणि ट्रॅक्टर उलटायचा की नाही, हे बरंचसं त्यावरच ठरतं.

पुढच्या हिशेबासाठी मी सरळ आकडे घेतो. ट्रॅक्टर २ टन, त्यातले सव्वा टन मागच्या चाकांवर. चारचाकी ट्रॉली रिकामी दीड टन, माल ५ टन, एकूण साडेसहा. तुमचे आकडे तुमच्या वहीतून घाला.

तिसरी पायरी: दोनचाकी की चारचाकी

दोनचाकी ट्रॉली आपल्या वजनाचा काही भाग ट्रॅक्टरच्या पाठीवर टाकते. चारचाकी ट्रॉली सगळा भार स्वतःच्या चाकांवर पेलते, ट्रॅक्टरला फक्त ओढायला लावते. हा फरक समजला की अर्धं काम झालं.

चिखलात दोनचाकी बरी. हुकावर पडलेल्या भाराने मागची चाकं जमिनीत दाबली जातात, पकड वाढते. मागे घेणंही सोपं. बैलबंडी मागे घेणाऱ्या माणसाला ते तासाभरात जमतं. पण तोच भार पुढची चाकं हलकी करतो. हुक मागच्या एक्सलच्या मागे असतो, त्यामुळे तराजूसारखं होतं: मागे दाबलं की पुढे उचललं जातं. साडेचार टन भरलेल्या दोनचाकीचा बारा टक्के भार हुकावर आला तर तो साडेपाचशे किलोच्या आसपास भरतो आणि पुढच्या चाकांवरचं जवळपास पावणेदोनशे किलो वजन कमी होतं. हे चालतं. पण मजुरांनी रेती पुढच्या अंगाला ढीग लावून भरली आणि हुकावर बाराशे किलो आले, तर पुढचं चारशे किलो उडतं. पुढच्या चाकांवर ट्रॅक्टरच्या वजनाचा किमान पाचवा हिस्सा राहिला नाही तर स्टिअरिंग फिरवलं तरी ट्रॅक्टर सरळच जातो. दोन टनांच्या ट्रॅक्टरला हा पाचवा हिस्सा चारशे किलो. वरच्या उदाहरणात उरतात साडेतीनशेच्या आसपास. तेही सपाटीवर.

माल एक्सलच्या मागे जास्त पडला तर उलटा त्रास. दांडी वर उचलू पाहते, ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात, ट्रॉली शेपटी हलवत येते. दहा ते पंधरा टक्के वजन हुकावर, हे मापाचं. डोळ्यांनी पाहायचं तर ढिगाचा शेंडा एक्सलच्या किंचित पुढे असावा.

चारचाकी ट्रॉली डांबरी रस्त्याची. माल कसाही भरला तरी ट्रॅक्टरची पुढची चाकं जमिनीवर राहतात. लांब बाजार, पक्का रस्ता, जास्त टन, तर हीच घ्या. पण तिला मागे घेणं ही वेगळी विद्या आहे. पुढचं चाकांचं बैठं आणि दांडी अशा दोन जागी ती वळते, त्यामुळे नवखा माणूस दहा फूट मागे जाईपर्यंत ती आडवी झालेली असते. ज्याची पांदण अरुंद आहे आणि वळायला जागा फक्त वावरातच आहे, त्याने हा विचार आधी करावा.

चौथी पायरी: ओढ एचपीवर मोजू नका

डांबरी सपाट रस्त्यावर साडेसहा टनांची ट्रॉली ओढायला सव्वाशे-दीडशे किलोची ओढ पुरते. ताशी पंचवीसने गेलात तरी पंधरा-सोळा एचपी खर्च होतात. म्हणजे जुना पस्तीस एचपीचा ट्रॅक्टरही ती आरामात नेतो, आणि लोक म्हणतात, “बघा, ओढतो ना!”

आता ऑक्टोबर घ्या. सोयाबीन कापून पडलंय, परतीचा पाऊस दोन तास झोडपून गेलाय आणि माल आज नाही काढला तर शेंग फुटेल. भारी काळ्या जमिनीत पाणी मुरलं की चाकाला माती चिकटते, चाक रुतत जातं. अशा जागी ट्रॉलीच्या वजनाच्या पंधरा टक्के, कधी त्याहून जास्त ओढ लागते. साडेसहा टनांसाठी जवळपास हजार किलो. आणि ट्रॅक्टर किती देऊ शकतो? ओल्या काळ्या मातीत मागच्या चाकांवरच्या वजनाच्या तीस टक्के मिळाली तरी पुष्कळ. सव्वा टनाचे तीस टक्के पावणेचारशे किलो. एचपी पन्नास असो की साठ, चाक जागेवर फिरणार आणि खड्डा खणणार.

याचा अर्थ असा की त्या दिवशी त्या वावरातून तुम्ही एकूण अडीच टनांचीच ट्रॉली बाहेर काढू शकता. रिकामी दीड टनाची चारचाकी असेल तर माल फक्त एक टन. दोनचाकी असती तर हुकावरच्या भाराने ओढ वाढली असती आणि तीन टन मालापर्यंत जेमतेम निभावलं असतं. कोरड्या वावरात ही अडचण नाही, तिथे पकडही दुप्पट मिळते आणि ओढही निम्मी लागते.

मागच्या टायरमध्ये पाणी भरून घेतलं की दोन्ही मिळून तीन-चारशे किलो वाढतात. स्वस्त उपाय आहे आणि खाली राहतो, त्यामुळे ट्रॅक्टर उलटायचा धोका वाढत नाही. दोनचाकी ट्रॉली असेल तर पुढच्या बंपरवर लोखंडी वजनंही लावा. ती शोभेची नाहीत.

फसलेली ट्रॉली काढताना क्लच झटक्याने सोडणं, मागच्या चाकांपुढे लाकूड टाकणं, मागून दहा माणसांनी रेटणं, हे सगळं मी पाहिलं आहे. करू नका. मागची चाकं खड्ड्यात अडकलेली आणि ओढ जोरात, अशा वेळी चाक फिरत नाही तर सगळा ट्रॅक्टर मागच्या एक्सलभोवती फिरतो, म्हणजे तोंड आकाशाकडे जातं. मागे उलटायला दीड-दोन सेकंद लागतात, तेवढ्यात क्लचवर पाय जात नाही. निम्मा माल खाली काढा. पोती पुन्हा भरता येतात.

पाचवी पायरी: थांबेल का?

मामांच्या वाक्याकडे आता येतो.

आपल्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतात. म्हणजे साडेसहा टनांच्या ट्रॉलीला आणि दोन टनांच्या ट्रॅक्टरला, साडेआठ टनांना, फक्त ट्रॅक्टरची मागची दोन चाकं थांबवतात. त्या चाकांवर वजन आहे सव्वा टन. नुसता ट्रॅक्टर ताशी पंचवीसच्या वेगात कोरड्या डांबरीवर पाच-सहा मीटरमध्ये थांबतो. मागे ही भरलेली चारचाकी असली की तोच ट्रॅक्टर थांबायला वीस-पंचवीस मीटर घेतो, आणि पाय ब्रेकवर जाईपर्यंतचे सात-आठ मीटर वेगळेच. सहा टक्क्यांच्या उतारावर, म्हणजे शंभर फुटांत सहा फूट उतरणाऱ्या साध्या घाटरस्त्यावर, चाळीस-पन्नास मीटर. तिथेच पावसाने रस्ता ओला असेल तर थांबणं जवळपास विसराच: चाकं जाम होतात आणि ट्रॉली ट्रॅक्टरला पुढे लोटत नेते. ढकलताना ती सरळ ढकलत नाही. ट्रॅक्टर जरा तिरपा असला की घडी पडते, कात्री मिटल्यासारखी, आणि चालक मधे सापडतो.

माझ्या बाबतीत घडी पडली नाही, पण फार लांबही नव्हती. नाल्याच्या उतरणीवर ट्रॉलीत विटा होत्या, गिअर वरचा होता आणि दोन्ही ब्रेक पेडल एकमेकांना जोडलेली नव्हती. वावरात वळताना मी ती सोडली होती. पाय घाईत एकाच पेडलवर पडला. एकच चाक थांबलं, ट्रॅक्टर डावीकडे ओढला गेला आणि पुढचं चाक रपट्याच्या कडेला जाऊन टेकलं. माझा दहा वर्षांचा पुतण्या मडगार्डवर बसला होता. त्या दिवसापासून आमच्या घरी मडगार्डवर कुणी बसत नाही, पाहुणा असो की पोरगं.

म्हणून रस्त्याला लागण्याआधी पेडलांची कडी लावा, प्रत्येक वेळी. उतार सुरू होण्याआधी, वरच, खालचा गिअर टाका. ज्या गिअरमध्ये चढला असतात त्याच गिअरमध्ये उतरा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून उतरणारे लोक आहेत. एकदा वेग घेतल्यावर ट्रॅक्टरचा गिअर पुन्हा पडत नाही, हे त्यांना अर्ध्या उतारावर कळतं.

खरेदीचा नियम काय धरायचा? ब्रेक नसलेली ट्रॉली भरून ट्रॅक्टरच्या दीडपटीपेक्षा जड नको, असं परदेशी ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तिकांमध्ये लिहिलेलं असतं. दोन टनांच्या ट्रॅक्टरला तीन टन. आपल्याकडे तिप्पट-चौपट ओढतात, हे मला माहीत आहे. माझं मत असं: वाटेत उतार, नाला किंवा घाट असेल तर दीडपट म्हणजे दीडपट. पूर्ण सपाट रस्ता असेल आणि वेग पंधराच्या आत ठेवणार असाल तर दुप्पट. त्याच्या वर जायचं तर ट्रॉलीला तिचे स्वतःचे ब्रेक पाहिजेत. दांडी मागे दाबली गेली की आपोआप लागणारे ओव्हररन ब्रेक बसवून मिळतात का, असं ट्रॉली बनवणाऱ्याला स्पष्ट विचारा. “कुणी लावत नाही” हे उत्तर येईल. तुम्ही लावा. रंगावर आणि आरशांच्या झालरींवर खर्च होतो, त्यात बरंच काही भागतं.

सहावी पायरी: हुक, पिन आणि दांडीची उंची

ट्रॉली जोडल्यावर तिचा डबा सपाट दिसला पाहिजे. दांडी वर चढलेली असेल तर दोनचाकीचा भार मागे सरकतो, खाली झुकली असेल तर पुढे. बांधून घेताना आपल्या ट्रॅक्टरच्या हुकाची जमिनीपासूनची उंची इंचात मोजून सांगा. ट्रॅक्टर सोबत नेला तर सगळ्यांत उत्तम.

ओढ नेहमी मागच्या एक्सलच्या मध्यापेक्षा खालून. वरच्या लिंकच्या (औजार धरणाऱ्या वरच्या दांड्याच्या) जागेला, एक्सलला किंवा आणखी कुठे दोरखंड बांधून ओढायचं नाही, कारण वरून ओढलं की ट्रॅक्टर मागे उलटतो. औजार उचलणाऱ्या तीन पॉइंटच्या खालच्या दोन हातांमध्ये बसणारी भोकांची पट्टी ट्रॉलीसाठी नाही. हायड्रॉलिकने वरखाली होणाऱ्या जागेवर दोनचाकीचा भार टाकला तर सगळंच हलतं. ट्रॉलीला तिच्यासाठी पक्का बोल्टने बसवलेला हुक.

पिन मापाची आणि खाली लॉक असलेली हवी. सळईचा तुकडा, जुना बोल्ट, तारेने बांधलेली पिन चालणार नाही. सोबत एक मजबूत साखळी, दांडीपासून ट्रॅक्टरपर्यंत, वळायला पुरेल एवढी सैल. पिन निघालीच तर ट्रॉली सुटून मागच्या मोटरसायकलवर जात नाही.

टायर, एक्सल, पाटे

इथे थोडक्यात. ट्रॉलीला जुने ट्रकचे किंवा रिमोल्ड टायर लावून देतात. टायरच्या बाजूवर किती भार आणि किती हवा हे छापलेलं असतं. चार टायरांचा भार जोडून भरलेल्या ट्रॉलीच्या वजनापेक्षा जास्त येतो का, पाहा. हब (चाकाचा मधला भाग) उघडून बेअरिंग दाखवायला सांगा. दोन्ही बाजूंचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) सारख्या संख्येचे आणि सारख्या वाकाचे हवेत. वेल्डिंगवर रंग देण्याआधी जाऊन पाहा, दांडीच्या मुळाशी विशेष. दांडी मोडते ती तिथेच.

हायड्रॉलिक ट्रॉली घेताना

माल ओतून रिकामी होणारी ट्रॉली शेणखत, मुरूम आणि धान्यासाठी फार सोयीची. ट्रॅक्टरच्या तेलावरच तिचा जॅक चालतो, त्यामुळे जॅक पूर्ण उघडल्यावर ट्रॅक्टरमधलं तेल किती खाली जातं हे मोजपट्टीने पाहा आणि आधीच पुरेसं भरून ठेवा. पाइपच्या तोंडाला लागलेली धूळ पुसल्याशिवाय जोडू नका. एका मुठीभर धुळीने पंप खराब होतो.

डबा उचलताना वर वीजतार नाही ना, हे दरवेळी पाहा. शेताच्या कडेने गेलेल्या तारा उन्हाळ्यात आणखी लोंबतात. उचललेल्या डब्याखाली काम करायचं असेल तर जाड लोखंडी टेका लावल्याशिवाय डोकं आत घालू नका. नुसत्या तेलाच्या भरवशावर कुणी राहू नये. आणि जमीन तिरपी असेल तर डबा उचलूच नका, ट्रॉली बाजूला पडते आणि ट्रॅक्टरलाही घेऊन जाते.

कागदपत्रं

ट्रॅक्टरचं पासिंग झालं म्हणजे ट्रॉलीचं झालं, असा समज आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे ट्रॉली हे वेगळं वाहन आहे, तिचीही नोंदणी आरटीओकडे करावी लागते. तिचा विमा ट्रॅक्टरच्या पॉलिसीत नाव घालून घेतलाय का, हे एजंटच्या तोंडी नको, कागदावर पाहा. अपघातानंतर हाच कागद पहिल्यांदा मागतात.

ट्रॅक्टर रिकामा साडेसात टनांच्या आत असतो म्हणून तो हलक्या मोटार वाहनाच्या लायसन्समध्ये बसतो. वय अठरा. आपल्याकडे आठवी-नववीतली पोरं जिनिंगपर्यंत ट्रॅक्टर नेतात आणि घरचे कौतुकाने पाहतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाने गाडी चालवली तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड आहे, आणि गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. जादा भाराला २० हजार रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार, शिवाय जादा माल तिथेच उतरवायचा.

शेतीच्या नोंदणीवर दुसऱ्याचा माल भाड्याने वाहायचा नाही. तो धंदा करायचा असेल तर तशी नोंदणी आणि तसा विमा करा. रेती, मुरूम नेताना वाहतुकीचा पास सोबत ठेवा. नसेल तर महसूलचे लोक ट्रॅक्टरसकट ट्रॉली जप्त करू शकतात.

आणि माणसं. कापूस वेचायला जाणाऱ्या बाया, लग्नाचं वऱ्हाड, जत्रा, सगळं आपण ट्रॉलीत भरून नेतो. ट्रॉली माणसांसाठी नाही, कायद्यानेही नाही आणि बांधणीनेही नाही. धरायला काही नसतं, ती उलटली की डबा माणसांवर पालथा पडतो. वीस बायांच्या जिवाची जबाबदारी त्या विनाब्रेकच्या दोन चाकांवर टाकू नका. ऑटोचे पैसे द्या. मजुरी ठरवतानाच ते धरा.

अंधारासाठी: मागे लाल, पुढे पांढरी आणि बाजूंना पिवळी चमकणारी पट्टी लावा, मागे सावकाश वाहनाचा तिकोना, आणि चालू असलेले मागचे दिवे. हंगामात बाजाराच्या रस्त्यावर बिनदिव्याच्या ट्रॉलीवर मागून आदळलेल्या मोटरसायकलीची बातमी दरवर्षी वाचतो. दिव्याची वायर ट्रॅक्टरपर्यंत नेऊन प्लगने जोडून घ्या, म्हणजे ट्रॉली सोडताना तुटणार नाही.

पहिल्या फेऱ्या

नवी ट्रॉली घरी आली की पहिल्याच दिवशी बाजाराला नेऊ नका. रिकामी घेऊन कापणी झालेल्या वावरात जा. चार काठ्या रोवा आणि त्यांच्यामधून मागे घ्यायला शिका. दोनचाकी डावीकडे वळवायची तर स्टिअरिंग आधी उजवीकडे. चुकली की पुढे येऊन पुन्हा. घाई करणाऱ्याची दांडी वाकते.

मग निम्मा माल भरून ती वहीतली सर्वांत वाईट शंभर पावलं उतरून पाहा. खालच्या गिअरमध्ये, मागे कुणी न बसवता. मधे एकदा थांबवा. किती अंतर लागलं ते पावलांनी मोजा आणि पूर्ण भरल्यावर ते दुपटीच्या आसपास होईल असं धरा. तेवढी जागा त्या उतारावर समोर आहे का? नसेल तर माल कमी करा किंवा लांबचा रस्ता धरा.

उभी करताना चाकाच्या उताराकडच्या बाजूला ओंडका लावा, मगच पिन काढा. दोनचाकी भरलेली असताना दांडी सोडायची वेळ आली तर आधी दांडीखाली जॅक किंवा ठोकळ्यांची रास. पन्नास किलोमीटर झाले की चाकांचे सगळे नट पुन्हा आवळा, नव्या ट्रॉलीचे नट हमखास सैल होतात. लांबच्या फेरीनंतर हबला हात लावून पाहा. हात ठेवता येत नाही इतका गरम असेल तर बेअरिंग जास्त आवळलंय किंवा ग्रीस कमी आहे, दुसऱ्या फेरीच्या आधी उघडून पाहा. पिन आणि हुकाचं भोकही दर हंगामात मापून ठेवा. भोक लांबट झालेलं दिसलं की हुक बदलायचा.